भट्टी नको म्हणताना

माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण आमच्या गावच्या कचरा डेपोवर भंगार वेचायची. तिथे एकदा तिच्या तळहाताला सुई टोचली. तिने हात धुतला, हळद लावली आणि विसरून गेली. पुढे काही महिन्यांनी कावीळ झाली, आधी गावठी औषध झालं, मग सांगलीचा दवाखाना झाला, आणि तिथेच ती गेली.

आमचं गाव कराड आणि सांगलीच्या मधलं, कृष्णाकाठचं. मिरजेसारखे मोठे दवाखाने आमच्याकडे नव्हते, पण गावाच्या मानाने बरेच होते. शिराळ्याच्या डोंगराकडची माणसं बाळंतपणाला, अपेंडिक्सला आमच्याकडेच यायची. आमची जिल्हा परिषदेची शाळा गावाच्या अगदी टोकाला. शाळेमागे ओढा, ओढ्यापलीकडे नगरपालिकेचा डेपो, आणि डेपोला लागून वस्ती. मैत्रीण त्या वस्तीतली. तिच्या वडिलांनी छप्पन सालानंतर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. ते आर्मीत शिपाई होते, सुट्टीवर आले की पोरींसाठी पाट्या-पेन्सिली आणायचे. थोरलीने त्यांच्या इच्छेप्रमाणे डी.एड. केलं आणि ती माझ्याच वर्षी या शाळेत लागली. तिसरी तिच्याकडे, चौथी माझ्याकडे. आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खाऊन सात-आठ वर्षं काढली.

धाकटीला शाळा कधी आवडली नाही. तिचं सासर कोरेगावकडचं. नवरा ट्रकच्या अपघातात गेल्यावर ती माहेरी परत आली आणि डेपोवर जायला लागली. घरात कुणाला ते पसंत नव्हतं. पण ती म्हणायची, मी काय कुणाची चोरी करत नाही. साडीवर गेलेल्या वडिलांचा जुना फौजी शर्ट घालायची, डोक्याला फडकं. दवाखान्यांचा कचरा घेऊन ट्रॅक्टर आला की सगळ्यांच्या आधी तिथे, कारण सलाईनच्या बाटल्यांना भंगारवाला चांगला भाव देई. मधल्या सुट्टीत ओढ्याच्या काठाला उभी राहून ती थोरलीला मोठ्याने हाक मारायची, “ओ बाई, आज किती पोरांना मारलंसा?” पोरं हसायची, मैत्रीण खोटं खोटं रागवायची. एकदा तिला कचऱ्यात स्टीलचा लांब चिमटा सापडला, ऑपरेशनचा. तिने तो घरी नेऊन उकळला आणि चुलीवरची भाकरी उलटायला वापरला. हात भाजत नाही बघा, म्हणून तिने मलाही दाखवला होता. तेव्हा आम्हा कुणालाच त्यात भिण्यासारखं काही वाटलं नाही.

सांगलीच्या दवाखान्यात मैत्रीण तिच्यापाशी होती. मी रविवारी गेले तेव्हा धाकटीचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि पोट फुगलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कधी सुई वगैरे टोचली होती का. धाकटी हसली. म्हणाली, कवा टोचली न्हाई ते विचारा. नंतर तिला नीट बोलता आलं नाही.

तिला जाऊन वर्ष झालं नसेल, तोवर दवाखान्यांच्या कचऱ्याबद्दल सरकारचे नवे नियम आले. ही नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. गावातल्या डॉक्टरांना आता कचरा नुसता ट्रॅक्टरमध्ये टाकून चालणार नव्हतं. डॉक्टर मंडळी आणि नगरपालिका यांनी मिळून ठरवलं की डेपोवर एक भट्टी बसवायची, सगळ्या दवाखान्यांचा कचरा त्यात जाळायचा. वर्तमानपत्रात छोटी बातमी आली. मैत्रिणीने ती शाळेत मला वाचून दाखवली आणि म्हणाली, “जाळून टाका म्हणावं सगळं. राखसुद्धा ठेवू नका.” ती असं बोलली यात मला काही वावगं वाटलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

मग नगराध्यक्षांकडून तिला निरोप आला. भूमिपूजनाचा नारळ तिने वाढवावा. जिची बहीण या कचऱ्याने गेली, तिच्या हातून सुरुवात झाली तर गावाला बरं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. नारळ वाढवणं काही तिच्या घरात बसणारं नव्हतं. तिने तसं सांगितलं. ते म्हणाले, मग नुसती फीत कापा. ती हो म्हणाली.

त्या संध्याकाळी ती आमच्या घरी आली होती. माझे मिस्टर ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. स्वभावाने सावध, कुठल्या भानगडीत न पडणारे. तिने त्यांना भट्टीचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग त्यांनी विचारलं, भट्टीत काय काय टाकणार. ती म्हणाली सगळंच, बोळे, नळ्या, सलाईन, सुया. तेव्हा ते हळूहळू समजावून सांगायला लागले. सलाईनच्या नळ्या, रक्ताच्या पिशव्या ज्या प्लॅस्टिकच्या असतात, ते जाळलं की त्यातून फार वाईट विष तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. धुरासोबत लांब जातं, गवतावर बसतं, गवतातून गाईम्हशींच्या दुधात उतरतं आणि दुधातून पोरांच्या अंगात साठतं. डेपोवर कचरा पेटवायचे त्या नुसत्या धुरानेच आमच्या वर्गातल्या पोरांचे डोळे चुरचुरत होते, आता त्यात हे. आणि सुई? तिने विचारलं. ते म्हणाले, आपल्याकडे बसवतील तसल्या छोट्या भट्टीत सुई काळी होते, पण राहते.

ती पायरीवर चप्पल घालताना म्हणाली, उद्या मी त्यांना नाही म्हणून सांगते. मी विचारलं, आईला काय सांगशील? ती पायरी उतरून गेली.

तिच्या आईला सगळी वस्ती आक्का म्हणायची. आम्हीही. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर घरी गेले, कारण तिला एकटीला बोलायचं धाडस होईना. आक्का उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. मैत्रिणीने भट्टीचं, धुराचं, दुधाचं सांगितलं. आक्काने सगळं ऐकून घेतलं. मग सूप खाली ठेवलं.

“तुजी भन त्येनंच गेली,” आक्का म्हणाली, “आन तूच आता जाळू नगं म्हंतीस व्हय?”

“आई, जाळून सुई जात नाही गं. दवाखान्यात खाटेपाशीच ती मोडली असती, तर आपल्या पोरीच्या हाताला लागली नसती. मला ते करायचंय.”

आक्काने सूप उचललं. ती उठून आत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. पुढे कित्येक आठवडे त्या मायलेकी एकमेकींशी जेवणाखाणापुरतंच बोलत होत्या, हे मला मैत्रिणीनेच सांगितलं.

फीत कापायला तिने नकार दिला तशी गावात कुजबुज सुरू झाली. आधी कुणाला पटेना. नको म्हणायचं तर मग करायचं काय, हा सगळ्यांचा सवाल. तो बरोबरच होता. नुसतं नको म्हणून कुणी ऐकत नाही हे आम्हालाही कळत होतं. म्हणून आम्ही माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्या दवाखान्यात झालेली. सर्जन, वयस्क, जरा तिरसट. कचरा दवाखान्यातच वेगळा करा, सुया तिथेच तोडा, असं आम्ही म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, माझ्याकडे इतका वेळ नाही आणि माझ्या आयांना तर मुळीच नाही. मैत्रीण म्हणाली, आम्हाला मे महिन्याची सुट्टी आहे, आम्ही येऊन बसतो. डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. त्यांना तिची बहीण माहीत होती. म्हणाले, या.

तो अख्खा मे महिना आम्ही त्या दवाखान्यात काढला. वेगवेगळ्या रंगांच्या बादल्या आणल्या. रक्ताचे बोळे एकीकडे, प्लॅस्टिक दुसरीकडे, केळीची सालं आणि चहाचा चोथा तिसरीकडे. पेशंटबरोबर आलेली माणसं लाल बादलीत पानाच्या पिचकाऱ्या मारायची. मैत्रीण त्यांना वर्गातल्या पोरांसारखी दटावायची आणि ती माणसं तिसरीतल्या पोरांसारखीच खाली बघायची. सुया तोडायचं एक छोटं यंत्र डॉक्टरांनी पुण्याहून मागवलं. इंजेक्शन दिलं की नर्सने तिथल्या तिथे सुई त्यात घालायची, कट असा आवाज यायचा आणि तुकडा खालच्या डब्यात पडायचा. सलाईनच्या बाटल्या आणि नळ्या कापून ब्लीचिंगच्या पाण्यात भिजत ठेवायच्या, म्हणजे कुणी परत भरून विकू शकणार नाही. हत्यारं उकळायचं मोठं भांडं तिथे होतंच, जोराच्या वाफेचं, जंतू मरावेत म्हणून त्यात बोळेही वाफवले जाऊ लागले. जे कशातच जाणार नाही त्याच्यासाठी परसात खोल खड्डा घेतला, त्यावर झाकण, आत चुना.

आया पहिले काही दिवस आमच्यावर चिडून होत्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, आवं बाई, तुमाला घरी कामं न्हाईत का. पण एके दिवशी तिच्याच बोटाला पिशवीतून सुई लागता लागता राहिली. तेव्हापासून ती बादल्यांपाशी आमच्यापेक्षा कडक झाली. पाऊस लागेपर्यंत त्या दवाखान्यातून डेपोला जाणारं पोतं अगदी हलकं झालं. जाळण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. डॉक्टर इतर डॉक्टरांना बोलावून बादल्या दाखवू लागले. आम्हाला वाटलं, जमलं.

शाळा सुरू झाल्यावर आम्ही घराघरांतून फिरलो. ओला कचरा वेगळा ठेवा, सुका वेगळा. शाळेमागे ओढ्याच्या काठाला खड्डे घेतले, त्यात ओला कचरा कुजवायचा. म्हणजे डेपोच मुळात पेटवावा लागणार नाही. वस्तीतल्या बाया आणि पेठेतल्या बाया पहिल्यांदा एका सतरंजीवर बसल्या त्या या बैठकांना. पेठेतल्या एक काकू दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, रुमालासारख्या घड्या घालून आणायच्या. आम्ही हसायचो त्यांना, पण त्यांनी कधी नागा केला नाही. आक्का मात्र बैठकीला आली नाही. बैठका वस्तीतच व्हायच्या आणि तिचं घर अंगणापलीकडे होतं, तिला सगळं ऐकू जात होतं.

हिवाळ्यात नगरपालिकेवर मोर्चा नेला. शंभरेक बाया असतील, नसतीलही. पुढच्या बाईच्या हातात रिकामी टोपली होती. नगराध्यक्षांनी आम्हाला आत बसवून चहा दिला. बोलायला गोड माणूस. म्हणाले, मशीनची ऑर्डर गेलीय, पण तुमच्या भावना मी समजतो. निवडणूक जवळ आली होती आणि वस्तीची, पेठेची मतं त्यांना हवी होती. पंधरवड्यात त्यांनी चौकात सभा घेऊन जाहीर केलं की जनतेच्या इच्छेचा मान राखून भट्टी गावात होणार नाही.

लोकांनी गुलाल उधळला. कुणीतरी पेढे आणले. मैत्रिणीला खांद्यावर घ्यायचं तेवढं राहिलं होतं. मी तिच्याकडे गेले तर ती एका दुकानाच्या पायरीवर बसलेली. कपाळाला गुलाल, आणि चेहरा पार उतरलेला. मी म्हटलं, अगं काय झालं? ती म्हणाली, “तू त्यांचं पुढचं वाक्य ऐकलंस का? रद्द नाही झाली. वाडीला चालली.”

मी ऐकलं नव्हतं. टाळ्यांत कुणीच ऐकलं नव्हतं. टेकडीपलीकडे एक छोटी वाडी होती, तिच्या गायरानात भट्टी बसणार होती. तिथली मतं नगरपालिकेत नव्हती.

त्या रविवारी आम्ही दोघी एसटीने वाडीला गेलो. गायरान वाडीच्या अगदी अंगावर, त्यात शेळ्या आणि म्हशी चरत होत्या. दूध डेअरीपाशी बाया जमल्या होत्या. मैत्रिणीने आम्ही कोण ते सांगितलं, भट्टीचं सांगितलं, धुराचं, दुधाचं. बाया ऐकत होत्या. एक म्हातारी काठी टेकून पुढे आली.

“तुमी हाकलली म्हून ती आमच्याकडं आली न्हवं?” तिने विचारलं. रागाने नाही, नुसतं माहीत करून घ्यायला विचारावं तसं.

मैत्रीण म्हणाली, “व्हय. आमी हाकलली. पर आमाला ती कुठंच नको हुती.” शाळेत ती कधी गावठी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

म्हातारीने आम्हाला घरी नेऊन चहा पाजला. परत येताना एसटीत आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत होतो. 

मैत्रिणीला वाटलं होतं, गावातल्या बाया आता वाडीसाठी उभ्या राहतील. तिने बैठक बोलावली. सतरंजीवर मोजून आठ-दहा जणी आल्या. त्यांचं म्हणणं असं, की बाई, आपलं झालं आता, वाडीचं वाडी बघंल. त्यात दुष्टपणा नव्हता. प्रत्येकीला घर होतं, पोरं होती, आणि इतके महिने त्या आमच्यासाठी पळाल्या होत्या. पण भीती गेली तसं त्यांचं कचऱ्याकडचं लक्षही गेलं. बादल्यांत परत सगळं एकत्र पडायला लागलं. खड्ड्यांवर प्लॅस्टिक उडायला लागलं, तशी मुख्याध्यापकांनी ते बुजवायला लावले. शेवटपर्यंत धुतलेल्या पिशव्या आणणाऱ्या काकूंना आता पिशव्या कुठे ठेवायच्या ते कळेना. त्या मला रस्त्यात गाठून विचारायच्या.

आमचे डॉक्टरही थकले. भट्टी बसली की तिची गाडी दारात येऊन पिशव्या नेणार होती आणि तिचा हप्ता सगळ्या दवाखान्यांना भरावाच लागणार होता. ते म्हणाले, पैसे भरून वर हा व्याप मी एकट्याने किती दिवस करू. तरी सुया तोडायचं यंत्र त्यांनी बंद केलं नाही. तेवढं राहू दे, म्हणाले.

वाडीतल्या लोकांनी अर्ज केले, तहसीलदारांना भेटले, एकदा म्हशी घेऊन रस्त्यात बसले. मैत्रीण प्रत्येक वेळी त्यांच्यात होती. बहुतेक वेळा मीही. पण भट्टी बसली. पत्र्याचं शेड, त्यातून वर गेलेलं धुराडं. ज्या दिवशी ती पहिल्यांदा पेटली त्या दिवशी आम्ही शाळेत होतो. आमच्याकडे काहीच दिसलं नाही. वारा पलीकडचा होता.

पुढे जे झालं ते वाडीतल्या बायांनी आम्हाला नेऊन दाखवलं. डिझेल महाग म्हणून भट्टी रोज पेटत नव्हती. पिशव्या शेडबाहेर पडून राहायच्या, कुत्री ओढायची. पेटली की धूर गायरानावर लोळायचा, त्याचा वास कपड्यांना बसायचा. राख शेडमागच्या ओघळीत टाकलेली होती. त्या राखेत सुया होत्या. काळ्या पडलेल्या, पण सरळ, टोकासकट. मैत्रीण त्या ओघळीच्या काठावर खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. बहिणीच्या वेळी ती इतकी रडलेली मी पाहिली नव्हती. वाडीतल्या बाया तिच्याभोवती उभ्या होत्या. म्हातारीने तिच्या पाठीवर हात ठेवला. कुणीही तिला गप्प हो म्हटलं नाही.

याच सुमारास वस्तीत एक बोलणं पसरलं. ही बाई वाडीतली भट्टी बंद पाडायला निघालीय, म्हणजे ती परत आपल्याच डेपोवर येणार. कुणी पसरवलं ते कळलं नाही. पण लोकांना ते खरं वाटलं, आणि वाटण्यासारखंच होतं. वाडीत नाही तर मग कुठे, हे विचारणाऱ्याला ‘कुठेच नाही’ या उत्तरावर विश्वास बसत नसे. नळावर आक्काला टोमणे पडायला लागले. ज्यांच्या पोरांना मैत्रिणीने पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं होतं, त्या बाया तिच्याशी बोलेनात. एका रविवारी विहाराजवळ चार जाणती माणसं बसली आणि त्यांनी तिला बोलावून सांगितलं, तू आता हे सोड. ती ऐकून घरी आली.

मी तेव्हा तिच्या घरीच होते. आक्काला कळलंच होतं काय झालं ते. इतके महिने तिने या विषयावर एक शब्द काढला नव्हता. आता लेकीला पाण्याचा तांब्या देत ती म्हणाली, “त्या वाडीत बी कुनाची तरी धाकटी आसलच की.”

एवढंच. पण पुढच्या रविवारी एसटी स्टँडवर आक्का आमच्या आधी येऊन उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून. तिला गाडी लागायची, म्हणून पदराला लिंबू बांधलेलं. वाडीत ती त्या म्हातारीच्या ओट्यावर बसली. दोघी वयाला सारख्या. त्यांनी भट्टीबद्दल बोलल्याचं मी ऐकलं नाही. आक्का धाकटीबद्दल सांगत होती, लहानपणी ती कशी ओढ्यात उड्या मारायची ते. म्हातारी तिच्या गेलेल्या मुलाबद्दल सांगत होती. त्यानंतर आक्का दर रविवारी यायची. आम्ही अर्ज-बिर्ज लिहीत बसायचो, त्या दोघी शेंगा फोडत बसायच्या.

तो हिवाळा संपताना आक्का गेली. आजारी अशी नव्हती, सकाळी उठली नाही. मी पोचले तेव्हा वस्तीतली माणसं आली होती, पण लांब उभी होती, आपापसात बोलत. जवळ जावं की नाही हे कुणाला ठरवता येत नव्हतं. मैत्रीण आईच्या उशाशी एकटी होती. मी जाऊन तिच्याशेजारी बसले. दुपारी एक टेंपो ओढ्याच्या पुलावर थांबला. वाडीच्या बाया होत्या, वीस-पंचवीस तरी, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी ती म्हातारी. त्या सरळ आत आल्या. त्यांनी आक्काला आंघोळ घालायला पाणी तापवलं. त्या कामाला लागल्या तशा वस्तीतल्या बाया एकेक करून पुढे आल्या. कुणी हंडा उचलला, कुणी फुलांचा पुडा सोडला.  म्हातारी आक्काच्या पायापाशी बसून होती. निघताना तिने मैत्रिणीला विचारलं, आता तू आमच्याकडं यायची थांबशील काय? मैत्रीण म्हणाली, न्हाई.

पण तिला थांबावं लागलं. जूनमध्ये तिची बदली झाली, जत तालुक्यात, पार कर्नाटकच्या सीमेवर. नियमाप्रमाणे झाली असं ऑफिसात सांगितलं. तसंही असेल. तिकडची पोरं घरी कानडी बोलणारी, तिला त्यातला शब्दही येत नव्हता. मी तिला म्हटलं, वर जाऊन भेटू या कुणाला तरी. ती म्हणाली, राहू दे गं. मी दमलेय. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

भट्टी आणखी काही वर्षं तशीच चालली, म्हणजे कधी पेटली, कधी नाही. मग सगळ्या भागाचा मिळून एक मोठा प्रकल्प लांब कुठेतरी झाला आणि गाड्या तिकडे जायला लागल्या. वाडीतलं शेड गंजून पडलं. राख कुणी उचलली नाही, वर घाणेरीची झुडपं वाढली. त्या बाजूला वाडीची माणसं अजून जनावरं सोडत नाहीत. म्हातारीही पुढे गेली, मला उशिरा कळलं. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आता त्यांचा मुलगा बसतो. कचरा वेगळा करायच्या बादल्या आता सगळीकडेच आल्या, नियमाने. लोक म्हणतात, बघा, शेवटी झालंच की. 

त्या जूनमध्ये मैत्रिणीला जतच्या गाडीत बसवायला मी एकटीच गेले होते. एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह. गाडी सुटेपर्यंत आम्ही तिकडे पाणी कसं असेल, खोली मिळेल का, असलंच बोललो. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा तिने खिडकीतून माझा हात धरला आणि गाडी हलल्यावर सोडला.

दुसऱ्या दिवशी नवीन शिक्षक येईपर्यंत तिचा वर्ग माझ्या वर्गात बसवला. पोरं दाटीवाटीने बसली. तिच्या वर्गातली एक मुलगी उठून म्हणाली, आमच्या बाई कधी यायच्या? मी सांगितलं, त्यांची बदली झाली, आता दुसऱ्या बाई येतील. मुलगी उभीच राहिली. मी तिला बस म्हटलं आणि दोन्ही वर्गांची हजेरी घ्यायला लागले.